चाळीस आहेत, बाई

या, असे जवळ सरका. दाराशी अवघडून उभे राहू नका, आत जागा भरपूर आहे. आज राजाची गोष्ट नाही, संताची तर नाहीच. एका सरकारी भांडारातल्या चाळीस लाकडी खुर्च्यांची गोष्ट आहे. हसू नका. देवाला खुर्चीतूनही बोलता येतं, ऐकणारा पाहिजे. या गोष्टीतल्या ऐकणारीला ऐकायला अकरा वर्षं लागली.

एका नगरपालिकेत एक अंतर्गत लेखापरीक्षक बाई होत्या. अंतर्गत म्हणजे घरच्याच. बाहेरचे तपासनीस वर्षातून एकदा येतात, पाहुणचार घेतात, जातात. या मात्र बाराही महिने तिथेच, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. कागदावर जे लिहिलंय ते जागेवर आहे की नाही, हे बघणं त्यांचं काम. टेबलावर पितळी मुठीचं भिंग असे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे भिंगबाई म्हणत. त्या जिना उतरू लागल्या की खाली कुजबुज व्हायची, "आलं रे आलं, भिंग आलं," आणि जो तो आपलं कपाट आवरायला लागायचा.

बाई मनाने वाईट नव्हत्या हो. लबाडी नाही, भीड नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. तीस वर्षांत त्यांनी घेतलेला एकही आक्षेप कुणाला खोडून काढता आला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता. आणि अभिमान कसा असतो ते तुम्ही जाणताच. बसायला फार मऊ.

तर या बाईंच्या मागे एक आवाज लागला होता.

टक्.

एवढाच. वाकवलेल्या बोटाच्या पेराने लाकडावर मारावं तसा. एकदाच, आणि नेमका पाठीमागे, खुर्चीच्या पाठीवर. कचेरीत खुर्ची ओढून बसल्या की टक्. वळून पाहिलं तर भिंत. दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसल्या, टक्. बसमध्ये सीट रेक्झिनची, आत स्पंज. त्यावर बोट मारलं तर आवाज यायचाच नाही. तरी टक्, आणि तोही कोरड्या, जुन्या लाकडाचा. उभ्या असल्या की काही नाही. चालताना काही नाही. बसल्या, की कुणीतरी मागून एकदाच वाजवून जाई, आणि मग मानेवर गार पडल्यासारखं होई.

घरी धाकटी बहीण होती. दोघीच राहत. धाकटी तोंडाने फटकळ, पण ताईवर जीव. एके दिवशी दुपारी जेवताना बाई दचकल्या आणि हातातलं भांडं कलंडलं.

"ताई, पुन्हा?"

"तुला ऐकू आलं?"

"मला तुझं भांडं पडलेलं ऐकू आलं." धाकटीने फडकं आणलं. "कान दाखवून झाले, डोकं दाखवून झालं. आता ही खुर्ची तरी सुताराला दाखव. वाळवी असेल."

"वाळवी बसमध्येही येते का गं माझ्याबरोबर?"

"तुझ्याबरोबर यायला वाळवीसुद्धा घाबरेल," धाकटी म्हणाली आणि हसली. मग ताईचा चेहरा पाहून हसू आवरलं. "कुणाचा आवाज वाटतो गं तुला?"

बाईंनी कलंडलेलं भांडं उचलून सरळ ठेवलं. कुणाचा ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता जरा मागे चला माझ्याबरोबर, चौदा वर्षं मागे.

तळमजल्याच्या मागच्या बाजूला नगरपालिकेचं भांडार होतं. लांबलचक दालन, वर जाळीच्या खिडक्या, आत फिनाइलचा आणि जुन्या दोरखंडांचा वास. तिथला भांडारपाल म्हणजे देवमाणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, कानामागे तिसरं. वस्तू मोजायची त्याची एक तऱ्हा होती: नुसतं बोट दाखवून मोजायचा नाही, प्रत्येक वस्तूला बोटाच्या पेराने टक् करून हात लावायचा आणि मगच आकडा म्हणायचा. "हात लागला की वस्तूलाही कळतं आपण मोजलो गेलो म्हणून," असं म्हणायचा. लोक त्याची थट्टा करत. त्याच्या नोंदवहीत मात्र खाडाखोड नसे.

त्या वर्षी बाई जडवस्तूंच्या पडताळणीला भांडारात आल्या. टेबलं, कपाटं, शिड्या झाल्या आणि सभागृहातून उतरवलेल्या जुन्या खुर्च्यांची पाळी आली. नोंदवहीत चाळीस. बाईंचा पाय त्या आठवड्यात मुरगळलेला, पट्टी बांधून लंगडत होत्या. भांडारपालाने ते पाहिलं.

"बाई, उभ्या नका राहू. पाय सुजेल," म्हणाला, आणि एक खुर्ची आणून, आपल्या रुमालाने झटकून, त्यांच्यामागे ठेवली. "तुम्ही बसून राहा. हमाल एकेक खुर्ची तुमच्यापुढे आणील."

तेवढ्यात अंगणात पाइपांचा ट्रक आला आणि तो धावत बाहेर गेला.

बाईंची पद्धत चोख. एकच वस्तू दोनदा मोजली जाऊ नये म्हणून त्या मोजलेल्या प्रत्येक वस्तूवर हिरव्या रंगाचा ठिपका देत. बारीक कुंचला, छोटी डबी. हमाल खुर्ची आणून पुढे ठेवी, बाई मागच्या पायावर ठिपका देत, हमाल ती उचलून पलीकडे लावी. शेवटी हमाल रिकाम्या हातांनी उभा राहिला. बाईंनी "झालं" म्हणत आकडा लिहिला. एकोणचाळीस.

एक खुर्ची कमी.

भांडारपाल परत आला तोवर बाई निघून गेल्या होत्या. संध्याकाळी त्याने स्वतः मोजल्या, टक्, टक्, टक् करत. पुन्हा मोजल्या. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच दुसरा मजला गाठला.

"चाळीस आहेत, बाई."

"काल एकोणचाळीस होत्या."

"खाली चला. तुमच्यादेखत मोजतो."

बाई खाली गेल्या. त्याने एकेका खुर्चीला बोट लावत मोठ्याने चाळीस म्हणून दाखवल्या. शेवटच्या खुर्चीवर ठिपका नव्हता. बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली.

"आजच्या चाळीस मला मान्य. कालच्या एकोणचाळीसही मान्य. म्हणजे ही मधल्या वेळात आली."

"कुठून येईल? खुर्चीला पाय असतात म्हणून काय ती चालत येईल?"

"जिथे गेली होती तिथून. नेणारा आणूनही ठेवू शकतो. मी पडताळणीच्या दिवशीची स्थिती लिहिते, दुसऱ्या दिवशीची नाही."

नियमाला धरूनच बोलत होत्या बिचाऱ्या. या कामात एक कागद असतो, त्याला अर्धसमास म्हणतात. पान उभं दुमडायचं. एका अर्ध्यात तपासणाऱ्याने आपला आक्षेप लिहायचा, दुसरा अर्धा भाग समोरच्याच्या उत्तरासाठी कोरा सोडायचा. बाईंनी आपल्या अर्ध्यात अकरा ओळी लिहिल्या. त्याने त्याच्या अर्ध्यात एकच लिहिली: चाळीस आहेत, बाई. बाईंनी खाली शेरा मारला: खुलासा समाधानकारक नाही.

शिक्षा म्हणाल तर झाली नाही. एका खुर्चीपायी कोण शिक्षा करतो? फक्त भांडार काढून घेतलं आणि त्याला फाटकावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. बसवलं म्हणालो खरा, पण तो बसलाच नाही. लोक जाता येता विचारत, "काय साहेब, खुर्ची सापडली का?" कुणी दयेने स्टूल पुढे केलं तर म्हणे, "नको रे बाबा, एखादं कमी भरायचं." तीन वर्षं उभा राहिला. मग छातीच्या दुखण्याने गेला. आणि तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, बाई आपल्या खुर्चीवर बसल्या आणि मागून पहिल्यांदा आलं, टक्.

त्याची बायको दरवर्षी एकदा यायची. हातात तोच अर्ज, वर्ष तेवढं नवं. आक्षेपाचा फेरविचार व्हावा, खाली अंगठ्याएवढी सही. बाई तिला पाणी देत, वहिनी म्हणत, अर्ज ठेवून घेत आणि 'नवीन पुरावा नाही' असं उत्तर पाठवत. पुरावा नव्हताच, त्याला त्या तरी काय करणार?

बाईंची सेवा संपायला अठरा दिवस उरले होते, तेव्हा वहिनी अवेळी आली. वर्ष झालं नव्हतं. जिना चढून दम लागला होता.

"खुर्च्या परवा फोडणार म्हणे?"

"हो. जुन्या झाल्या. नोंदवहीतून कमी करून लाकूड काढून टाकायचं ठरलंय."

"आणि यांच्या नावावरचं ते?"

बाईंनी फाइल उघडली. त्यांचाच मसुदा होता: संबंधित मयत. आक्षेप कायम ठेवून प्रकरण बंद करावे. त्यांना तो मोठ्याने वाचवेना. वहिनीला वाचता येत होतं; तिने उलटीकडून वाचला.

"बंद म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

"खुर्च्याच नाहीशा झाल्या तर मग मोजायचं काय कुणी?" वहिनी खुर्चीच्या काठावर टेकली होती ती उठली. "बाई, त्यांनी घरीसुद्धा कधी वाटाण्याच्या शेंगा न मोजता सोलल्या नाहीत. शेवटी बोलता येईना, तर पलंगाच्या कडेला बोट मारत होते. मी मोजलं. चाळीस झाले की थांबायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. फोडायच्या आधी एकदा मोजा. मी इतकंच मागते. पुन्हा येणार नाही."

ती गेली. बाई खुर्चीत मागे टेकल्या, आणि टक्. या वेळी इतका जवळून, की त्यांच्या पाठीच्या मणक्याला ते जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई भांडारात उतरल्या. फोडण्याआधी मोजणं नियमातही होतंच. आता तिथे नवा भांडारपाल होता, कानाला सतत मोबाइल. खुर्च्या दालनाच्या टोकाला एकावर एक रचलेल्या, धुळीने सगळ्या एका रंगाच्या झालेल्या. हमाल मात्र तोच, मिशा पांढऱ्या झालेला.

"मॅडम, बसून घ्या हो," नवा भांडारपाल म्हणाला. ढिगातली एक ओढून त्याने बाईंच्या मागे सरकवली, आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. चाळिसांतली नेमकी तीच त्याच्या हाताला कशी लागली हे मला विचारू नका. मी सांगणारा आहे, घडवणारा वर बसलाय.

बाई बसल्या. टक् होईल म्हणून खांदे आखडून बसल्या. पण काहीच झालं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा बसल्यावर काहीच वाजलं नाही. दालनात इतकी शांतता की बाहेर नळाखाली बादली भरतेय ते ऐकू येत होतं. कुणीतरी मागे उभं राहून बोट उचलून धरावं आणि वाट बघावी, तशी ती शांतता होती.

हमाल एकेक खुर्ची आणू लागला. बाई वाकून मागचा पाय बघत. जुना हिरवा ठिपका, त्यांच्याच हातचा. एक. दोन. वीस झाल्या, तीस झाल्या. छत्तीस. अडतीस. एकोणचाळीस.

हमाल रिकाम्या हातांनी समोर उभा राहिला.

"झाल्या?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःचा वाटेना.

"झाल्या की."

"एकोणचाळीसच?"

हमालाने मिशी खाजवली. "मॅडम, जरा उठता का? तेवढी राहिलीय."

टक्.

त्यांच्या पाठीमागे. आणि बाईंना कळलं, तो इतकी वर्षं काय करत होता ते. भीती घालत नव्हता हो तो. मोजत होता. त्या जिथे बसतील तिथे येऊन, त्या बसलेल्या खुर्चीला हात लावून, तो आपला शेवटचा आकडा म्हणत होता.

बाई उठल्या. "तेव्हा... तेव्हाही मी बसले होते ना?"

"पाय मुरगळला होता तुमचा."

"ती खुर्ची त्यांनी कुठून आणली होती?"

"यातलीच. दुसरी कुठली असणार इथे?" हमाल म्हणाला. मग त्याच्याही काही लक्षात आलं आणि तो कावराबावरा झाला. "तुम्ही 'झालं' म्हणालात, मी थांबलो, मॅडम. मी उचलतो. मोजायला मला कुणी सांगितलं नाही. आणि ट्रकच्या गडबडीत दिलेली खुर्ची भांडारपालांच्याही ध्यानात राहिली नसेल."

नवा भांडारपाल परत आला होता. त्याने वाकून त्या खुर्चीचा पाय पाहिला. "हिला ठिपका नाही. म्हणजे हीच ती, चोरून परत ठेवलेली! सगळे सांगतात ना ते."

चौदा वर्षांपूर्वी बाईंनीही हेच म्हटलं होतं. ठिपका नाही यावरून ती बसायला दिलेली होती की चोरलेली, हे कसं ठरवणार? मग त्यांना आपल्याच हाताची एक खोड आठवली, आणि त्या म्हणाल्या, "उलटी करा."

हमालाने खुर्ची उलटी केली. बाईंनी धूळ पदराने पुसली आणि पिशवीतून भिंग काढलं.

बैठकीच्या खालच्या बाजूला, उजव्या हाताच्या कडेला, हिरव्या रंगाच्या बारीक रेघा होत्या. कंगव्याच्या दातांसारख्या, शेजारी शेजारी. ठिपका दिल्यावर कुंचल्याला जास्तीचा रंग राहतो. तो ठिबकू नये म्हणून बाई नेहमी हात खाली नेऊन, न बघता, बसल्या जागेच्या पोटाशी कुंचला पुसत. घरी कुंड्या रंगवतानाही हेच, त्यावरून बहीण ओरडायची. एका ठिपक्यामागे एक रेघ. बाईंनी मोजल्या, प्रत्येक रेघेला बोट लावून. एकोणचाळीस. आणि कडेला, जिथे उठताना पकडलं असेल, एक हिरवा अंगठा. त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

दालनात कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं. बाई म्हणतात हमालाने. हमाल म्हणतो बाईंनी.

मुख्याधिकाऱ्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, पंधरा-सतरा दिवस राहिलेत तुमचे. 'खुर्ची मिळून आली' एवढंच लिहा आणि सुटा. स्वतःच्या तोंडाला काळं कशाला फासून घेताय?"

"मिळून आली म्हणजे हरवली होती, असं होईल साहेब. ती हरवली नव्हती."

"तीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"भांडारपालांचंही होतं."

त्या दिवशी बाईंनी कोरा कागद घेतला आणि उभा दुमडला. आपल्या अर्ध्यात लिहिलं: पडताळणीच्या दिवशी खुर्च्या चाळीस होत्या. पडताळणी करणारीने स्वतः बसलेली खुर्ची मोजली नाही. भांडारपाल खरे बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितले तेव्हा तिने ऐकले नाही. ही चूक पहिलीपेक्षा मोठी. आक्षेप मागे. खाली पूर्ण सही, हुद्द्यासकट. हे लिहिताना बाई उभ्या होत्या.

दुसरा अर्धा भाग त्यांनी कोरा ठेवला, उत्तरासाठी. नियम आहे ना.

तो कागद घेऊन त्या वहिनीच्या दारात गेल्या. वहिनीने उंबऱ्यातच पूर्ण वाचला, ओठ हलवत, दोनदा. बाईंनी हात जोडले होते, ते तसेच राहिले.

"मला हे ठाऊकच होतं," वहिनी शेवटी म्हणाली. "मला काय नवीन सांगताय?"

"हो, तुम्हाला ठाऊकच होतं."

"ते फाटकावर उभे राहायचे तेव्हा तुम्ही रोज त्यांच्यासमोरून जायचात."

"हो, वहिनी."

वहिनी बराच वेळ कागदाच्या कोऱ्या भागाकडे पाहत राहिली. रडली नाही. "माफ केलं," असंही म्हणाली नाही; तुम्हाला खोटं कशाला सांगू? तिने आतून एक साधी खुर्ची आणली आणि अंगणात ठेवली.

"बसा," म्हणाली. "त्यांनीही बसायला दिलीच होती."

बाई बसल्या. डोळे मिटून, मान ताठ धरून वाट पाहिली.

काही वाजलं नाही. त्यानंतर पुन्हा कधीच नाही. तुम्हाला वाटेल, सुटल्या. पण धाकटी बहीण मला सांगत होती, ताई अजूनही बसण्याआधी क्षणभर थांबते. खुर्चीच्या पाठीवर आपलं बोट एकदा वाजवते, टक्, आणि हळूच आकडा म्हणते. मग कान देऊन उभी राहते, कुणी उत्तर देईल म्हणून. कोणी देत नाही. ती शांतता त्या आवाजाहून जड आहे म्हणे.

तो अर्धसमास अजून फाइलीत आहे, अर्धा भरलेला, अर्धा कोरा. खुर्च्या फोडल्या, लाकूड गेलं. चाळिसावी तेवढी बाईंनी रीतसर अर्ज करून मागून घेतली आणि फाटकाशी ठेवली. कुणीही बसावं.

आता माझं एक मागणं, आणि मग उठा. तो भांडारपाल कोण, कुठला, त्याचं नाव काय, हे मी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारू नका. देवाला ठाऊक आहे. पण उद्या घरात, कचेरीत, चार माणसांत काही मोजायला बसाल आणि एक कमी भरेल, तेव्हा समोरच्याकडे बोट दाखवायच्या आधी जरा उठून उभे राहा. आपण कशावर बसलो होतो ते बघा. आणि तेवढ्या वेळापुरती, तीन वर्षं फाटकावर उभ्या राहिलेल्या त्या माणसाची आठवण काढा.